रेक्झिनवाले मालक

आमचे घरमालक माणसाकडं बघायचे ते आधी मागून. नमस्कार-चमत्कार नंतर. तुम्ही खुर्चीवरून, ओट्यावरून, गाडीवरून उठलात की त्यांची नजर तुमच्या तोंडाकडं न जाता तुम्ही उठलेल्या जागेकडं जायची. मग पुढं यायचे, वाकायचे, अंगठ्यानं ती जागा दाबायचे आणि दाबलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत उभे राहायचे. मी धाराशिवला मुलींच्या शाळेत नव्यानं लागले होते आणि खोली बघायला त्यांच्या दारात गाडीवरून उतरले, तेव्हा माझ्याबाबतीत पहिल्यांदा हे झालं. एकटी बाई, परकं गाव, मी आधीच सावध. म्हटलं, हे काय भलतंच! गाडी वळवून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, चौकटीला धरून हळूहळू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मनावर घेऊ नका ओ मॅडम. तुमाला न्हाय बघायलेत ते, गाडीचं शीट बघायलेत."

काकूंच्या त्या एका वाक्यावर मी वरची खोली घेतली.

मला राग लवकर येतो, हे शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इथंही आधीच सांगून टाकते. मालकांबद्दल मी काही फार गोड बोलणार नाही. माणूस वाईट होता का? तर नाही. नळाला पाणी आलं की आधी मला वर हाक मारायचे, मग स्वतःची मोटर लावायचे. धाराशिवात राहिलेल्याला कळेल हे केवढं मोठं मन झालं. पण काही माणसं चांगली असूनही डोक्यात जातात, त्यातले ते पहिल्या नंबरचे.

नोकरी सगळी सरकारी गोदामात गेलेली. पाइप, फावडी, घमेली, ताडपत्र्या यांच्यात आयुष्य काढलं, आणि आयुष्यभर एकच प्रश्न विचारला : "किती टिकंल?" साबणाला तोच प्रश्न, साडीला तोच, डॉक्टरनं दिलेल्या गोळीलाही तोच. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा यांनी पोराला शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. त्याच्या पायाकडं बघून म्हणाले, "चपला किती दिवस जात्यात तुमच्या?" पोरगं गांगरलं. म्हणालं, "दोन-दोन वर्षं जातात." झालं, लग्न ठरलं! ही गोष्ट काकू सांगायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. जावई चांगला निघाला, तो भाग वेगळा.

निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी सोफा करायला घेतला. विकत आणायचा नाही, कारण "दुकानातल्या सोफ्याच्या पोटात काय भरलंय ते दुकानदाराला बी ठाऊक नसतंय." सुतार घरी बसवून सागवानाचा सांगाडा करून घेतला. तो मात्र झाला देखणा, खोटं कशाला बोलू. रुंद हात, चांगली उंची, खाली घट्ट विणलेल्या पट्ट्या. आता फक्त फोम टाकायचा, वरून रेक्झिन चढवायचं की सोफा तयार. मी राहायला गेले तेव्हा या 'फक्त'ला बरीच वर्षं झाली होती.

तोवर तो सांगाडा बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून उभा. काकू त्याच्या हातांवर ओले टॉवेल वाळत घालायच्या, खाली कांदे पसरायच्या. तरी घरात त्याला सोफाच म्हणायचे. "मॅडम, तुमची ओढणी वाऱ्यानं खाली आलती, सोफ्यावर टाकलीय बघा," असं काकू म्हणाल्या की मला हसू आवरायचं नाही.

पण घरात बसायला दुसरं होतं काय? ऑफिसच्या लिलावातली एक घडीची लोखंडी खुर्ची. ती मालकांची. प्लास्टिकच्या खुर्च्या त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत, "उन्हानं पिठूळ होत्यात" म्हणून. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. त्या दिवसभर एक तर उभ्या, नाहीतर फरशीवर. फरशीवरून उठताना एक हात भिंतीला, दुसरा सोफ्याच्या लाकडाला, आणि "आई तुळजाभवानी" म्हणून वर. त्यांचं ते कण्हणं मला माझ्या खोलीत ऐकू यायचं. एकदा मी म्हटलं, "काकू, आत खाट आहे, तिच्यावर बसत जा की." तर म्हणाल्या, "आत एकटीच काय बसू? दिवसा खाटंवर बसलं की दुखणाईत झाल्यावानी वाटतंय. सोफा झाला की हितं बाहीर बसीन. रस्ता दिसतोय, येणारं-जाणारं दोन शब्द बोलतंय." एवढंच हवं होतं हो बाईला. बाहेरच्या खोलीत, माणसांत, पाय न मोडता बसायला एक जागा.

आणि ती जागा अडली होती रेक्झिनपाशी.

कापड नको, कारण कापड धूळ खातं. चामडं नको, कारण "मेल्या ढोरावर बसायचं म्हंजी कसं वाटतंय." तेव्हा रेक्झिनच. पण कुठलं? मला ते खुर्चीवर बसून समजावून सांगायचे, "हे बघा मॅडम, बाजारात रेक्झिन दोन जातीचं. एक पापुद्रं सोडणारं, दुसरं तडकणारं. मला तिसरी जात पायजे." मग नमुन्याचा तुकडा उलटा करून मागचं अस्तर दाखवायचे. "लोक वरची चमक बघत्यात. मागचं कापड बघाय पायजे. सगळा जोर मागच्यावर असतोय. माणसाचं बी तसंच हाय, मागं कोण उभं हाय त्येच्यावर माणूस टिकतंय." हे तत्त्वज्ञान चालू असताना मागं काकू चहाचा कप हातात धरून, गुडघ्यांवर आळीपाळीनं भार टाकत उभ्या असायच्या. मालकांनी मान वळवून बघितलं असेल तर शपथ.

त्यांच्या चाचण्यांचं कौतुक काय सांगू! सोलापुरातनं, लातुरातनं नमुन्यांचे तुकडे यायचे. त्यांना हळद लागायची, खोबरेल तेल लागायचं, चहा ओतला जायचा, वजरीनं घासलं जायचं, किल्लीनं ओरखडलं जायचं. उन्हाळ्यात गच्चीवर काकूंच्या कुरडया एका धोतरावर आणि मालकांची रेक्झिनं दुसऱ्या धोतरावर. शेजारच्या बाईनं एकदा वरून विचारलं, "काकू, त्या काळ्या पापड्या कशाच्या ओ?" काकू म्हणाल्या, "त्या आमच्या मालकाच्या हायत. तळून खात न्हाईत, नुसत्याच वाळवत्यात."

मग त्यांच्या डोक्यात आलं की हळद-किल्ली ठीक आहे, पण रेक्झिनचा खरा वैरी माणूस. तेव्हा माणसांवर चाचणी घ्यायची. त्यांनी पदरमोड करून गल्लीभर नमुने शिवून वाटले. कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या खुर्चीला एक, समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या स्टुलाला एक, बेंबळीच्या फेऱ्या मारणाऱ्या जीपवाल्याला एक, आणि नको-नको म्हणत असताना माझ्या गाडीला एक. गल्लीत ज्याला-त्याला फुकटात मऊ गादी मिळाली. सगळ्यांच्या बुडाखाली मालकांचं रेक्झिन, एक घरच्या बाईच्या सोडून.

दर शनिवारी तपासणी. हातात भिंग घेऊन निघायचे. "उठा." पानवाला गिऱ्हाइकाच्या पानाला चुना लावता लावता उठायचा. शिवणवाली तोंडातल्या टाचण्या काढून उठायची. फुकटच्या गादीला एवढं चालतं. एका शनिवारी मला निघायला उशीर झाला आणि मी तपासणी चुकवून शाळेत गेले. हे महाशय पाठोपाठ शाळेत हजर! सकाळची शाळा सुटायची वेळ, पोरी फाटकातून बाहेर पडतायत, मुख्याध्यापिका पायरीवर उभ्या, आणि हे माझ्या गाडीपाशी वाकून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मॅडम, तुमी एका अंगावर बसताय. डावीकडनं लई झिजलंय." पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काका, पुन्हा माझ्या शीटला हात लावलात ना, तर फाडून तुमच्या हातात देईन." तर त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "फाडून बघाच. न्हाय फाटायचं ते."

आता अशा माणसाला काय बोलायचं, सांगा.

पण मी खरी चिडले ती तुळजापुरात. मालक मंगळवार-शुक्रवार न चुकता तुळजापूरला जायचे. काकूंना त्याचं फार कौतुक. त्यांना स्वतःला देवळाच्या पायऱ्या उतरणं-चढणं गुडघ्यांमुळं जमत नव्हतं. म्हणून त्या मालकांच्या पिशवीत नारळ, खण, हळद-कुंकू बांधून द्यायच्या आणि बजावून सांगायच्या, "माज्या गुडघ्यासाठी म्हणून वाहा बरं का." संध्याकाळी विचारायच्या, "झालं का दर्शन?" मालक म्हणायचे, "झालं की, चांगलं झालं." मीही मनात म्हणायचे, चला, रेक्झिन सोडून दुसरंही काही आहे म्हणायचं या माणसाला.

एका शुक्रवारी माझी आई आली होती, तिला दर्शनाला घेऊन गेले. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक लॉज आहे, मालकांच्या जुन्या सहकाऱ्याचा. बघते तर लॉजच्या दारात आमचे मालक स्टुलावर बसलेले, आणि त्यांच्यासमोर एक लांबलचक बाकडं, यांनीच चढवलेल्या नव्या कोऱ्या चॉकलेटी रेक्झिनचं. दर्शन करून आलेली माणसं कुंकवाच्या हातानं, ओल्या कपड्यांनी, पोराबाळांसकट त्याच्यावर टेकत होती, उठत होती, आणि हे गृहस्थ टक लावून बघत होते. दर्शन चाललं होतं ते बाकड्याचं! मला बघून जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बरं झालं आलात. आता गंमत बघा." आणि पिशवीतला नारळ काढून त्यांनी बाकड्याच्या लोखंडी पायावर आपटला, आणि ते पाणी सगळं रेक्झिनवर ओतलं. वरून चिमूटभर हळद-कुंकू टाकून फडक्यानं चोळलं.

"काका, तो नारळ काकूंचा आहे ना? देवीचा?"

"मग? वाढवायचाच हुता की न्हाय नारळ? वाढवला. देवळातला काय अन् देवळाभायेरचा काय. डाग बघा, डाग! हाय का कुठं?"

"आणि देवीचं दर्शन?"

"देवी कुठं पळून जातीय? ती टिकाऊ हाय, मॅडम."

मी त्यांच्या पिशवीतून खण ओढून काढला, जाता जाता दुसरा नारळ घेतला आणि काकूंच्या नावानं देवीपुढं ठेवला. परत येताना त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनीही माझ्याकडं बघितलं नसणार, कारण बाकड्यावर तेव्हा एक भलं दांडगं कुटुंब बसलं होतं.

तिसरी जात त्यांना सापडली ती नळदुर्गला. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की ट्रकच्या शीटवर जेवढी झीज होते तेवढी जगात कुठंच होत नाही. झालं, हे हायवेवरच्या ढाब्यांवर जाऊन बसायला लागले. ड्रायव्हर जेवायला उतरला की हे केबिनमध्ये डोकं घालायचे. कुणाला वाटायचं डिझेलचोर आहे, कुणाला वाटायचं साध्या वेषातला साहेब आहे. एका ट्रकचं शीट मात्र बघून त्यांचं भान हरपलं. ड्रायव्हर म्हणाला, हे वडलांनी घातलेलं, आता मी चालवतोय. ना तडा, ना पापुद्रा! मालकांनी त्याच्याकडं तुकडा मागितला. तो म्हणाला, वेडबिड लागलंय का? तेव्हा यांनी शीटखालच्या दुमडीतून ब्लेडनं अंगठ्याएवढा तुकडा कापला, आणि ड्रायव्हरनं ते बघितलं. घरी आले ते फाटक्या कॉलरीनं, पण चेहऱ्यावर असा आनंद की काकूंना वाटलं नातू झाल्याची बातमी आहे.

"कॉलर फाटली," मालक मला तुकडा दाखवत म्हणाले, "पर ह्ये न्हाय फाटलं. हीच ती तिसरी जात."

सगळ्या दुकानदारांना तो तुकडा दाखवून झाला. सगळ्यांनी एकच सांगितलं, हा माल आता येत नाही, कधीच बंद झाला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, राहिलं. मालक म्हणाले, "बंद झालाय म्हंजी चांगलाच हुता." आणि जुना शिल्लक रोल कुठं आहे का, याचा शोध सुरू झाला.

इकडं काकूंना आता भिंत धरूनही चालवेना. शेवटी लातूरला दिलेल्या मुलीनं पुढाकार घेतला आणि सोलापूरला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरवलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, यापुढं जमिनीवर बसायचं नाही. हात असलेलं, उंच, मऊ असं बसायला पाहिजे, आणि दिवसभर झोपून राहायचं नाही, उठायचं-बसायचं. मुलीनं फोनवरून बापाला बजावलं, "अण्णा, आई घरी येईस्तवर सोफा झाला पाहिजे." अण्णा म्हणाले, "व्हय, व्हय."

जायच्या आदल्या दिवशी काकू मला वेगळ्याच काळजीत दिसल्या. मला वाटलं ऑपरेशनची भीती. तर म्हणाल्या, "मॅडम, मी कधी ह्यांच्यासमोर खुर्चीवर बसले न्हाय. सासऱ्यासमोर न्हाय अन् ह्यांच्यासमोर बी न्हाय. हे आलं की उठायचं, हीच रीत. आता डॉक्टर म्हणायलेत वरच बसा. कसं व्हायचं?" मी म्हटलं, "काकू, गुडघे तुमचे आहेत का त्यांचे?" त्या हसल्या, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

ऑपरेशन छान झालं. मुलीनं थोडे दिवस लातूरला ठेवून घेतलं आणि मग वॉकर हातात देऊन घरी आणून सोडलं. सोफा? सोफा होता तसाच, उघडा. फक्त त्याच्याखालचे कांदे काढले होते. मुलगी बापाला नको-नको ते बोलली. बाप म्हणाला, "घाई हाय म्हणून कच्चा माल घालू का? उद्या पापुद्रं निघालं की तूच बोलशील." मुलीलाही घर-नोकरी, ती डोळे पुसत परत गेली. मी गावातून एक हाताची खुर्ची आणते म्हटलं, तर मालक माझ्यावरच उखडले, "सोफा यायलाय अन् खुर्ची कशाला? मधेच पैसे घालायचे का?"

तर काकू आत खाटेवर. दुखणं झालेल्या माणसाला बघायला गल्ली लोटली. कुणी बिस्किटाचे पुडे आणले, कुणी मोसंबी. बायका आत जायच्या, पण पुरुषमंडळी आतल्या खोलीत कशी जाणार? ती बाहेरच उभी राहायची, आणि मालक त्यांना ट्रकच्या शीटची गोष्ट सांगायचे. काकू आतून कान देऊन ऐकायच्या. एकदा मी गेले तर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. म्हणाल्या, "लोक मला बघाय येत्यात अन् ह्येंचा तुकडा बघून जात्यात." डॉक्टरांनी उठा-बसा सांगितलेलं, पण उठून बसायचं कुठं? त्या आठवड्यात त्या वॉकरलासुद्धा हात लावेनात. नवे गुडघे आणि बाई अंथरुणाला खिळलेली. मला इतका संताप आला की खोलीत जाऊन मी भांडी आपटली.

आणि नेमका तेव्हाच हैदराबादहून निरोप आला, एका जुन्या गोदामात तसला एक रोल पडून आहे. मालक दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, काकूकडं जरा ध्यान असू द्या. आणतोच बगा."

ते कोपऱ्यावर वळले असतील-नसतील, खालून हाक आली. गेले. काकू खाटेवर उठून बसल्या होत्या, केस विंचरलेले.

"मॅडम, तुमच्या फोनवरनं त्या कुशनवाल्याला लावा. म्हणावं, काय असंल ते रेक्झिन घेऊन या अन् आजच्या आज कामाला लागा."

"काकू, पण काका—"

"ते हैदराबादला गेल्यात. हितं मी हाय."

मालकांनी दर नव्या नमुन्याला बोलावून तसाच परत पाठवलेला तो कुशनवाला आला. या घराचं नाव काढलं की तो कपाळाला हात लावायचा, पण काकूंचं नाव ऐकून आला. त्याच्याकडं तीन माणसांच्या सोफ्याला पुरेल असं एकच रेक्झिन शिल्लक होतं, एका ब्युटी पार्लरच्या ऑर्डरीतलं. मोरपंखी रंग, वर सोनेरी ठिपके. उन्हात धरलं तर डोळे दिपावेत! तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, हे दिसायला आहे फक्त. दोन वर्षांत पापुद्रे सोडतंय. साहेब मला गल्लीत फिरू द्यायचे नाहीत."

"सायबाचं मी बघते. तुमी बसवा."

दिवसभर ठोकाठोकी चालली. फोम कापला, शिवण घातली, खालून खिळे मारले. शिवणवाली, पानवाला, सगळे एकेक चक्कर मारून गेले. अंधार पडायच्या आत काम उरकलं, आणि काकू वॉकर घेऊन आतल्या खोलीतून निघाल्या. मी हात धरायला गेले तर "नको" म्हणाल्या. सोफ्यापाशी येऊन पाठमोऱ्या झाल्या, मागं हात लावून चाचपलं, आणि बसल्या. आधी नुसत्या कडेवर. मग मागं सरकल्या. मग टेकल्या. दोन्ही हात लाकडाच्या रुंद हातांवर ठेवले आणि म्हणाल्या, "मऊ हाय ओ." रस्त्यावरून भाजीवाली चालली होती, तिनं दारातनं डोकावून विचारलं, "काकू, बऱ्या झाला का?" काकू म्हणाल्या, "झाले की! मेथी कशी दिली?" तिथं उभ्या उभ्या मला रडू आलं. काकूंनी मेथी घेतली, सोफ्यावर बसूनच निवडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर काकू सोफ्यावरच. मला म्हणाल्या, "या, जरा बोला." मी पर्स ठेवत होते तेवढ्यात फाटक वाजलं. मालक आले. खांद्यावर लांबलचक रोल, सदरा घामानं भिजलेला, आणि चेहरा असा की गड जिंकून आलेत. "घावलं!" दारातनंच ओरडले. "मॅडम, तिसरी जात! हात लावून बघा."

मग त्यांना सोफा दिसला.

काकूंचे दोन्ही हात सवयीनं सोफ्याच्या हातांवर घट्ट झाले, अंग पुढं झुकलं. आयुष्यभराची रीत ती, एका ऑपरेशननं थोडीच जाते. अर्ध्यातच त्या थांबल्या आणि पुन्हा मागं टेकल्या. पदर सारखा केला.

मालक वाकले. एका हातानं खांद्यावरचा रोल सावरत दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी मोरपंखी रेक्झिनवर दाबला. मला वाटलं, निदान आता तरी विचारतील, गुडघे कसे आहेत. छे! नाव नको.

"ह्ये काय घातलं?" म्हणाले. "ह्ये पापुद्रं सोडणारं हाय. दोन वर्षं बी जायचं न्हाय. कुणी सांगितलं ह्ये घालाय? ऊठ, ऊठ. कुशनवाल्याला बोलावतो, आत्ताच्या आत्ता काढून टाकू. ह्ये बघ काय आणलंय, जल्मभर बघाय नको. ऊठ जरा."

काकू उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. मेथीचा भाव विचारावा इतक्या साधेपणानं म्हणाल्या, "ह्ये फाटलं की मग तुमचं घाला. तवर मी बसते."

मालक तोंड उघडून माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मीच आता काकूंना उठवणार होते.

"मॅडम," काकू बाजूला सरकून म्हणाल्या, "तुमी बी बसा की. उभ्या कशाला?"

मी बसले. मालक रोल खांद्यावर घेऊन आमच्यासमोर उभेच होते.